निवटीचा विमा

निवटी आंधळी झालीय हे घरात कळलं ते कमळच्या बाराव्याला.

अंगणात मांडव घातला होता. आतल्या खोलीतला पलंग मागच्या पडवीत नेऊन उभा केला होता, कपाट कोपऱ्यात सरकवलं होतं, कमळचं शिवणाचं मशीन जिन्याखाली ठेवलं होतं. बायकांना बसायला जागा हवी म्हणून सगळं घर मोकळं करून सतरंज्या अंथरल्या होत्या. मांडववाल्याच्या लाल खुर्च्या जागा मिळेल तिथे पडल्या होत्या.

पहिली पंगत उठत होती तेव्हा निवटी मागच्या दारानं आत आली. रोजच्यासारखी, शेपूट वर करून, सरळ पलंगाच्या दिशेनं. पलंग तिथे नव्हता, खुर्ची होती. ती खुर्चीवर आपटली. वळली, दुसऱ्या खुर्चीवर आपटली. मग जिथल्या तिथे उभी राहिली आणि नाक वर करून मोकळ्या भिंतीकडे बघत बसली.

"बगा, बगा गं," काळूरामची थोरली बहीण आक्का म्हणाली. "मुका जनावर, पन त्याला समजते. तिला कमळ दिसते तिथे."

बायकांनी हात जोडले. एकीनं पदर डोळ्याला लावला. काळूरामच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तोही क्षणभर त्या भिंतीकडे बघत राहिला. बायको जाऊन बारा दिवस झालेल्या माणसाला असं काही खरं वाटायला वेळ लागत नाही.

मग निवटी पुढे सरकली आणि वरणाच्या तापलेल्या पातेल्यात तोंड घालणार, एवढ्यात काळूरामनं तिला मानेला धरून मागे ओढलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्या डोळ्यांपुढून त्यानं हात हलवला. पापणी लवली नाही. ताटातला पापडाचा तुकडा त्यानं तिच्यासमोर धरला. ती तशीच बघत होती. तुकडा नाकाजवळ नेला तेव्हा तिनं तोंड उघडलं.

"आक्का," तो म्हणाला, "तिला कमळ दिसत न्हाय. तिला काईच दिसत न्हाय."

निवटी ही गावठी कुत्री. भिवंडीच्या खाडीकडच्या अंगाला काळूरामचं गाव, आणि खाडी घरापासून हाकेच्या अंतरावर. नऊ वर्षांपूर्वी कमळ ओहोटीला चिखलात मासे धरायला गेली होती. तिथे हे पिल्लू गळ्यापर्यंत रुतून बसलं होतं आणि चिखलाबाहेर फक्त त्याचे दोन डोळे दिसत होते. निवट्या मासा ओहोटीला चिखलातून असेच डोळे बाहेर काढून बसतो. कमळनं तिला माशांच्या टोपलीतून घरी आणलं आणि नाव तेच ठेवलं. तेव्हा काळूरामची भातशेती नुकतीच गोदामांना गेली होती. त्याच्या हाताला काम उरलं नव्हतं आणि दारात जनावर नव्हतं. निवटी आली आणि कमळला तरी काम मिळालं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाविकनं, म्हणजे काळूरामच्या मुलानं, दोन माणसं लावून पलंग आत घेतला, कपाट जागेवर सरकवलं, मशीन खिडकीखाली आणलं. आणि निवटी घरभर फिरू लागली. स्वयंपाकघरातून ओटीवर, ओटीवरून पायरी उतरून अंगणात, पाण्याच्या कुंडीपाशी, परत. कुठे अडखळली नाही. काळूराम खुर्चीत बसून ते बघत होता.

"कमाल हाय," तो सुनेला म्हणाला. "माझे दोन्ही डोले शाबूत हायत तरी मी रोज त्या उंबऱ्याला ठेचकाळतो."

"बाबा, उंबऱ्यापुढे गोणपाट आहे ना," निशा म्हणाली. ती एका गोदामाच्या ऑफिसात बिलिंग करायची आणि गोष्टी नीट बघायची. "आईंनीच टाकलं होतं. पायरीच्या आधी पण आहे. तिच्या पायाला गोणपाट लागलं की ती थांबते. बघा आता."

निवटी खरोखरच थांबली. पंजानं गोणपाट चाचपलं आणि पायरी उतरली.

मग दोघांना एकेक आठवत गेलं. वर्षभर कमळनं घरातली खुर्चीसुद्धा हलू दिली नव्हती. गणपतीत सजावटीसाठी कपाट हलवायचं म्हटलं तर भांडायला उठली होती. कुठेही निघाली की आधी तोंडानं सांगायची, "मी आले गं, बादली हाय माझ्या हातात," "मी चालले गं पडवीत." काळूरामला वाटायचं, म्हातारपणी बडबड वाढली. निशाला वाटायचं, सासूबाईंना टापटिपीचं वेड लागलं.

"तिला म्हाईत होता," काळूराम म्हणाला. "वरीसभर म्हाईत होता, आनि कोनाला बोलली न्हाय."

"बोलल्या असत्या तर?"

"तर मीच बोललो असतो, आंधली कुत्री कशाला ठेवायची राखनीला." त्यानं पायरीकडच्या गोणपाटाकडे बघितलं. "कसली बाई होती गं."

चारेक दिवसांनी कमळचा फोन वाजला. निशा तो अजून चार्ज करून ठेवायची. विमा कंपनीचा मेसेज होता. निवटीच्या पॉलिसीची मुदत संपत आलीय, हप्ता भरा. पहिल्या वर्षी हप्ता चार हजारांच्या आत होता, तो आता नऊ हजारांच्या वर गेला होता.

"नऊ हजार?" भाविक ओरडला. त्याचे स्वतःचे दोन टेम्पो होते, विम्याचं त्याला तोंडपाठ होतं. "टेम्पो जुना झाला की त्याची किंमत उतरते, विमा पण उतरतो. ही म्हातारी होते तसा हिचा भाव वाढतोय! बाबा, ही कुत्री हाय का ठाण्यातला फ्लॅट?"

"गावठी कुत्रीचा विमा असतो हेच मला आत्ता कळतंय," निशा म्हणाली.

"आईला कोणीतरी गळ्यात मारला." भाविकनं जरा विचार केला. "पण बाबा, खरं सांगू? आता सोडू नका. नऊ वर्षांची झाली, त्यात आंधळी. अजून वर्ष, दोन वर्षं. भरून टाका. एकदम वसूल होईल."

काळूराम उठला. "वसूल? कमळची कुत्री मेल्यावर तिच्या पैशानं तू टेम्पोला टायर घालनार? बंद कर तो विमा. आजच्या आज बंद कर."

"मला वाटतं यात दवाखान्याचा खर्च पण असतो..." निशा म्हणत होती, पण बापलेक दोघंही तिचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

काळूरामला विमा म्हटलं की एकच माहीत होता. भाविक लहान असताना बँकेच्या कर्जावर त्यानं म्हैस घेतली होती, तिचं नाव चंद्रा. कर्जाच्या म्हशीला विमा लागायचा आणि विम्याच्या म्हशीच्या कानाला बिल्ला. चंद्रा पोट फुगून एका दिवसात मेली. तेव्हा बिल्ल्यासकट कान कापून द्यायला लागला, त्याशिवाय कंपनी मानायची नाही. काळूरामनं स्वतःच्या हातानं तो कापला होता. पैसे मिळाले, कर्ज फिटलं, पण त्यानंतर त्यानं दारात म्हैस आणली नाही.

म्हणून कमळनं निवटीचा विमा काढल्याचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "आनि कान कोन कापनार?"

कमळ पोट धरून हसली होती. "तुमीच कापा. तुमाला सवय हाय."

तो रागावून बाहेर निघून गेला होता. नंतर तिनं दोनतीनदा विषय काढला, दर वेळी तो उठला. शेवटी तिनं सांगणं सोडलं. आपलं आपण भरत राहिली.

विमा बंद करायचा तर करा, पण डोळे तरी दाखवून या, असं म्हणत निशानं रविवारी रिक्षा बोलावली. डॉक्टर आसावरी यांचा दवाखाना निजामपुऱ्याच्या पुढच्या गल्लीत होता. दोन्ही बाजूंनी कापडाच्या लूमचा खडखडाट. निवटी काळूरामच्या पायाशी बसून एक कान इकडे, एक कान तिकडे करत होती. जणू कुठे काय चाललंय याचा नकाशा ती मनात काढत होती.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतल्या. घराणं मास्तरांचं, बोलणं शुद्ध आणि भरभर. कमळ गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. निशानं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली बॅटरी टेबलावर ठेवली.

"काकू मागच्या महिन्यात आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "हिला लस टोचून घ्यायला. मला म्हणाल्या, 'डोले गेले तिचे पुरते, पन घरात कोनाला पत्ता न्हाय, एवढी हुशार हाय माझी पोरगी.' किती अभिमानानं सांगत होत्या."

त्यांनी निवटीचे डोळे तपासले. पडदा हळूहळू सुकत गेला होता. ऑपरेशन नाही, औषध नाही. दुखत मात्र काही नव्हतं.

"बाकी तब्येत उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी एवढं मोठं ऑपरेशन झालं, गर्भपिशवीत पू झाला होता, त्यातून उठली म्हणजे काटकच. पॉलिसी चालू आहे ना?"

"बंद करतोय," काळूराम म्हणाला. "मला न्हाय पायजे तिच्या मरनाचे पैसे."

"मरणाचे?" डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "काका, तो खर्च आजारपणाचा. जिवंत असताना मिळतो. मेल्यावरचं त्यात नाही म्हटलं तरी चालेल."

"मंग कान?"

"कसला कान?"

काळूरामनं चंद्राची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाई ओठ दाबून ऐकत होत्या, शेवटी त्यांना हसू आवरेना. "अहो काका, त्या ऑपरेशनचे पैसे तुम्हाला परत मिळाले होते ना? जवळजवळ सगळे?"

"मिलाले ना. कमळ बोलली, परत आले. मी समजलो, तुमी कमी केले."

"मी? मी एक रुपया कमी केला नव्हता! कंपनीनं दिले होते." त्या एकदम थांबल्या. "म्हणजे तुम्ही ते मासे..."

"कसले मासे?" निशानं विचारलं.

"यांनी माझ्या घरी पिशवी पाठवली होती. जिवंत निवट्या! आमच्याकडे अंडं येत नाही. आईनं पिशवी उघडली तर ते टुणटुण उड्या मारत सोफ्याखाली. आई शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. मला आजपर्यंत कळलं नव्हतं की मी असा काय गुन्हा केला होता."

निशा हसता हसता बाकावर बसली. काळूरामलाही हसू आलं. कमळ गेल्यापासून तो पहिल्यांदा हसत होता, आणि हसताना त्याला वाटत होतं की हे ऐकायला ती हवी होती. तिनं तर हे सगळं बघितलं होतं. मासे पाठवताना पिशवीला गाठ तिनंच मारली होती, चेहऱ्यावर काही न दाखवता.

"डॉक्टरीनबाई," तो मग म्हणाला, "खरा सांगा. भरू का नको? नऊ हजार हायत."

त्यांनी सरळ सांगितलं. "डोळ्यांसाठी काही मिळणार नाही. पुढच्या वर्षी हप्ता आणखी वाढेल, वय वाढलं की वाढतोच. वर्षभर काही झालं नाही तर पैसे गेले. माझ्याकडे येणारे निम्मे लोक या वयात पॉलिसी सोडतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच, एकदा सोडलीत तर या वयाच्या कुत्रीला नवी कोणी देणार नाही. आणि मुदत संपायला फार दिवस नाहीत."

संध्याकाळी ओटीवर पुन्हा तोच विषय निघाला. भाविकला कानाची आणि माशांची गोष्ट सांगून झाली. तोही हसला, पण त्याचं मत पक्कं होतं.

"ठीक हाय, जिवंतपणी मिळतात. पण मिळतीलच असं कुठं हाय? त्यापेक्षा नऊ हजार बाजूला टाकू या. लागले तर वापरू, न्हाय लागले तर आपलेच."

"तू बाजूला टाकलेले पैशे कदी बाजूला राह्यलेत?" काळूराम म्हणाला. "टायर आला का त्यांना पाय फुटतात."

"बाबा, टोमणे नकोत. हिशेबाचं बोला."

"हिशेबाचाच बोलतो." काळूराम सावकाश बोलत होता. दवाखान्यातून येताना रिक्षात त्याला जे सुचलं होतं ते त्याला नीट मांडायचं होतं. "निवटीला ऑपरेशन लागला तवा काय झाला आठव. पू झाला होता, उशीर केला असता तर मेली असती. मी बोललो, बघू. तू बोललास, कुत्रीवर अठरा हजार? आपन दोगं बोलत बसलो होतो आनि कमळनं रिक्षा बोलवली पन. कपाटातले पैशे काढले आनि गेली. ती कोनाला विचारायला थांबली न्हाय, कारन तिला म्हाईत होता पैशे परत येनार. ती हिशेबानं नफा करायला विमा भरत नव्हती. घरात 'कुत्रीवर एवढे घालायचे का' हा सवालच उठू नये, म्हनून भरत होती."

काळूरामनं पायाशी बसलेल्या निवटीच्या पाठीवर हात ठेवला.

"आता ती न्हाय. उद्या मी पन नसंन. निवटीला काय झाला, तर या ओटीवर बसून तू तोच सवाल करशील. वाईट हायस म्हनून न्हाय. टेम्पोचा हप्ता असंल, पोराची फी असंल, म्हनून करशील. तो सवाल तुला पडू नये येवढ्यासाठी नऊ हजार. मला जास्त न्हाय वाटत."

भाविकनं खाली बघत चप्पल पायात घातली आणि काढली. "आणि पुढच्या वर्षी बारा झाले तर?"

"तवाचा तवा बघू. या वर्षाचा भर."

"भरते मी," निशा म्हणाली आणि फोन घेऊन बसली. पण ते तितकं सोपं नव्हतं. पैशांच्या आधी कंपनीनं एक प्रश्न विचारला होता. गेल्या वर्षात जनावराला नवीन काही आजार झालाय का?

"नाही लिही आणि पुढे जा," भाविक म्हणाला.

"लिही, आंधली झाली," काळूराम म्हणाला.

"बाबा, ते हप्ता आणखी वाढवतील! नाहीतर देणारच नाहीत!"

"आनि उद्या ती गाडीखाली आली तर? डॉक्टर लिवनार, आंधली हाय म्हनून आली. मंग काय सांगशील, काल दिसत होता, आज गेला? खोटा बोलून घेतलेला विमा लागतो तवाच फाटतो. लिही."

निशानं लिहिलं. आणि पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्या वारल्या, हेही तिनं कंपनीला कळवलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला, हिंदीतून बोलत होती. आधी तिनं दुःख व्यक्त केलं, मग काय काय लागेल ते सांगितलं. डोळ्यांचा डॉक्टरी रिपोर्ट, निवटीचे नवे फोटो, नव्या मालकाची सही आणि जुन्या मालकाच्या मृत्यूचा दाखला. आंधळेपण विम्यातून वगळलं जाईल, पण बाकीचं चालू राहील. हप्ता तेवढाच. मात्र सगळं मुदतीच्या आत पोचलं पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर पॉलिसी संपली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट त्याच दिवशी दिला. फोटो काढायला मात्र अर्धी सकाळ गेली. कंपनीला चेहरा समोरून हवा होता आणि निवटी फोनकडे बघेना. निशानं चुटक्या वाजवल्या, बिस्किटाचा पुडा वाजवला. निवटी नाक हलवायची आणि तोंड भलतीकडे फिरवायची.

"बाबा, तुम्ही माझ्यामागे उभे राहा आणि बोला काहीतरी."

काळूराम उभा राहिला. काय बोलावं ते त्याला सुचेना. मग तो म्हणाला, "मी हाय गं. इथं हाय, मशीनच्या बाजूला. माझ्या हातात काय न्हाय."

निवटीनं मान वळवली, कान उभे केले आणि थेट त्याच्याकडे तोंड केलं. निशानं फोटो काढला. फोटोत तिचे डोळे इतके चांगले आले की भाविक म्हणाला, कंपनीला आपणच खोटारडे वाटू. तो फोटो त्यानं स्वतःच्या फोनवरही घेतला, का ते सांगितलं नाही.

त्या दिवसापासून घरात काळूरामही बोलत चालतो. पाणी प्यायला उठला तरी सांगतो. आक्का एकदा आली होती, ती म्हणाली, "काळ्या, एकटाच काय बडबडतोस?" तो म्हणाला, "एकटा न्हाय."

रिपोर्ट गेला, फोटो गेले, काळूरामनं सही केली. राहिला दाखला. कमळ घरीच गेली, त्यामुळे नोंद ग्रामपंचायतीत आहे. भाविक म्हणाला, "मी येता येता घेतो." काळूराम म्हणाला, "मी जाईन. माझी बायको हाय."

ग्रामपंचायत तळ्याच्या पलीकडे आहे. तो रोज सकाळी निवटीला घेऊन तिथपर्यंत जातो. तिथला कारकून केसरीनाथ गावातलाच, त्याच्या ओळखीचा. तो खिडकीतून हाक मारतो, "या काळूशेट, चहा घ्या." काळूराम चहा घेतो. पाणीपट्टीचं विचारतो, रस्त्याचं विचारतो. केसरीनाथ सगळ्याची उत्तरं देतो. मग निवटी उठते, काळूरामही उठतो आणि दोघं घरी येतात.

काल निशानं विचारलं, "बाबा, मिळाला का?"

"उद्या जातो," तो म्हणाला.

मुदत शुक्रवारपर्यंत आहे. कमळच्या मृत्यूचा दाखला अजून आणायचा राहिला आहे.